दाबाखालील टाक्या आणि आपली जबाबदारी

(राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या तालुका पातळीवरील शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



४ मार्च १९६६ रोजी आपल्या देशात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. पुढे हाच दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला, आणि त्याला जोडून सुरक्षा सप्ताह साजरा होतो. या सप्ताहात कारखान्यांतून फलक लागतात, शपथा घेतल्या जातात, स्पर्धा होतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु सुरक्षा हा विषय कारखान्याच्या फाटकाच्या आतला आहे, गावाशी त्याचा संबंध नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो समज दूर व्हावा, या हेतूने आज मी आपल्यासमोर दाबाखालील टाक्यांचा विषय मांडणार आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. तज्ज्ञांनी सांगितलेले सामान्य माणसापर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचविणे, एवढेच माझे काम. म्हणून सूत्रे आणि आकडेमोड मी आवश्यक तेवढीच सांगेन. मात्र जे सांगेन ते आपापल्या गावी परतल्यावर ताडून पाहता येईल, असे सांगण्याचा प्रयत्न करीन.

आपल्या आसपासच्या टाक्या

क्षणभर आपला तालुका डोळ्यांसमोर आणा. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून बॉयलर ही वस्तू महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचा भाग बनली. जुन्या कारखान्यांतील बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो दाबाच्या वाफेवर चालत. सहवीजनिर्मिती करणाऱ्या नव्या बॉयलरमध्ये हाच दाब ८७ किंवा ११० किलोंपर्यंत जातो. दूध शीतकरण केंद्रात, बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात अमोनिया वायू दाबाखाली फिरत असतो. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरिनचे टनर असतात. रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर असतात. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची टाकी असते. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन व ॲसिटिलीन असते. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात गॅसची टाकी असते. म्हणजे ज्या गावात एकही कारखाना नाही, त्या गावातही दाबाखालील टाकी असतेच. फरक एवढाच, की कारखान्यातील टाकीची निरीक्षक येऊन तपासणी करतो आणि गावातल्या कित्येक टाक्यांकडे कोणीच पाहत नाही.

दाबाची ताकद

दाब म्हणजे काय, हे शिक्षक बंधूंना मी सांगावयास नको. पण स्वयंपाकघरातील कुकरचे उदाहरण सर्वांनाच पटेल. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते आणि वाफ निघून जाते. कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्यामुळे आत सुमारे एक किलो दाब चढतो, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणून डाळ लवकर शिजते. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये असे पहिले भांडे तयार केले. ते फुटण्याचा धोका लक्षात येताच त्याने त्यावर वजन ठेवलेली झडप बसविली. आज कुकरवरची शिट्टी आणि बॉयलरवरची सुरक्षा झडप या दोघी त्याच झडपेच्या लेकी होत. शिट्टीचे छिद्र तुंबले तर झाकणावरील छोटी गोळी वितळते आणि वाफेला वाट करून देते. एक उपाय फसला तर दुसरा असावा, हे सुरक्षेचे मूलतत्त्व घराघरांतल्या कुकरमध्ये आहे.

आता थोडी आकडेमोड. एका टाकीत दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब आहे, असे समजा. काट्यावर पाहताना ७ हा आकडा किरकोळ वाटतो. त्याच टाकीला आत उतरण्यासाठी ४० सेंटिमीटर व्यासाचे गोल झाकण असेल, तर त्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर भरते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ७ किलो म्हणजे झाकणावर आतून जवळजवळ पावणेनऊ टन जोर पडतो. भरलेला ट्रक त्या झाकणावर आतून उभा आहे, अशी कल्पना करा. आणि दाब उतरत उतरत अर्ध्या किलोवर आला, काटा शून्याजवळ दिसू लागला, तरी त्याच झाकणावर सहाशे किलोंहून अधिक जोर शिल्लक असतो. 'आता काही नाही आत,' असे म्हणून ज्या कामगाराने बोल्ट सैल केले, त्याच्या छातीवर हे सहाशे किलो येतात. म्हणून नियम असा आहे, की टाकी उघडण्यापूर्वी येणारी वाट बंद करून कुलूप लावावे, बाहेर जाण्याची वाट पूर्ण उघडी करावी, आणि काट्यावर विसंबून न राहता आतून खरोखर काही येत नाही याची खात्री करून मगच झाकणाला हात लावावा. काट्याची नळी गाळाने तुंबली असेल तर काटा शून्य दाखवतो आणि टाकी भरलेलीच असते.

बॉयलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वातावरणाच्या दाबात पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा व्यापते. बॉयलरमधील पाणी १०० अंशांहून कितीतरी अधिक तापलेले असते. केवळ वरच्या दाबामुळे ते पाणी राहिलेले असते. भांडे फाटताच दाब नाहीसा होतो आणि त्या पाण्यातला मोठा भाग एका क्षणात वाफ होतो. बॉयलरचा स्फोट हा आगीचा नसून पाण्याचा स्फोट असतो, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणूनच काचनळीत पाण्याची पातळी दिसेनाशी झाली, तर अनुभवी चालक प्रथम आग ओढून घेतो. तापून लाल झालेल्या पत्र्यावर घाईने थंड पाणी सोडण्याचा मोह तो टाळतो, कारण बॉयलर वाचविण्यासाठी केलेला हा उपायच बॉयलर फोडतो.

कायदा कसा आला

हे कायदे साहेबांच्या कार्यालयात बसून कोणाला सुचले, असे नाही. त्यांच्यामागे माणसांचे मृत्यू आहेत. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट होऊन काही माणसे दगावली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. परंतु एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात चालेना, असा गोंधळ झाला. अखेर १९२३ मध्ये संपूर्ण देशासाठी भारतीय बॉयलर अधिनियम झाला. नोंदणी, ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र, परवानाधारक चालक आणि अपघाताची तात्काळ वर्दी ही त्याची चार सूत्रे. शतकभर चाललेल्या या अधिनियमाच्या जागी २०२५ मध्ये संसदेने नवा बॉयलर अधिनियम आणला. कलमे बदलली, परंतु ही चार सूत्रे कायम आहेत.

ज्या टाक्यांखाली आग नसते, पण आत दाब असतो, त्यांच्यासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३१ होते. आत ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक दाब चढणार नाही, याची परिणामकारक व्यवस्था केलीच पाहिजे, असे ते कलम सांगत असे. आता हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती याविषयीच्या २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला आहे. दाबाखालील वायूंच्या मोठ्या टाक्या व सिलिंडर यांसाठी केंद्र शासनाचे २०१६ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, करते. तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. राज्यात बाष्पके संचालनालय बॉयलरची आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्यांची तपासणी करते. म्हणजे व्यवस्था आहे. प्रश्न आहे तो ती व्यवस्था शेवटच्या टाकीपर्यंत पोहोचते की नाही, हा.

बांधलेली झडप

काही वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या एका पंक्चरच्या दुकानात मला थोडा वेळ थांबावे लागले. कॉम्प्रेसरची टाकी दुकानाच्या दारातच होती. वरची सुरक्षा झडप तारेने घट्ट बांधलेली दिसली. चौकशी करता दुकानदार सरळपणे म्हणाला, "साहेब, सारखी फुसफुसत होती. हवा वाया जाते, वीज वाया जाते." त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती, हिशेब होता. झडप फुसफुसते म्हणजे ती बिघडली, असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात दाब वाढताच मोटर आपोआप बंद करणारी कळ बिघडली होती आणि ती बातमी झडप त्याला दिवसभर सांगत होती. सांगणाऱ्याचे तोंड बांधले गेले. दुकानाच्या बाकावर त्या वेळी दोन शाळकरी मुले बसली होती.

मित्रहो, सुरक्षा झडप बांधणे, तिच्यावर जादा वजन ठेवणे, तिच्या वाटेत बंद करता येणारी चावी बसविणे, किंवा ती गळते म्हणून तिच्या जागी बूच मारणे, या चारही गोष्टी एकाच प्रकारच्या आहेत. झडपेतून आवाज येत असेल तर एक तर झडप दुरुस्तीला आली आहे किंवा दाब खरोखरच मर्यादेबाहेर जात आहे. दोन्ही वेळी काम थांबविणे हाच उपाय आहे.

त्याच टाकीला दुसरा शत्रू असतो तो गंजाचा. हवा दाबली की तिच्यातील ओलावा पाणी होऊन तळाशी साचतो. ते पाणी तळाची चावी उघडून रोज काढून टाकले नाही, तर पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून टाकी रंगवलेली, नवी कोरी दिसते. टाकी फुटते ती तळाशी किंवा सांध्याशी, जिथे पाहण्यासाठी कोणी वाकत नाही. अशा टाकीची चाचणी पाण्याने घेतात, हवेने नव्हे. यामागेही कारण आहे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. म्हणून टाकी पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब दिला आणि ती फाटली, तरी पाण्याची चिळकांडी उडते आणि दाब क्षणात उतरतो. हवेने तीच चाचणी घेतली तर फाटलेला पत्रा तोफगोळ्यासारखा जातो. 'पाणी कुठे भरत बसता, हवेनेच पाहू,' असे कोणी म्हटले तर त्याला थांबविण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असावयास हवे.

दोन मोठे धडे

जगातील अनेक दुर्घटनांपैकी दोन मी निवडल्या आहेत. कारण त्या दोन्हींतून आपल्याला लागू पडणारा बोध निघतो.

४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधील फेझँ येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रोपेन वायूच्या मोठ्या गोल टाकीतून नमुना काढण्याचे काम चालले होते. तळाशी एकाखाली एक अशा दोन चाव्या होत्या. त्या ज्या क्रमाने उघडावयाच्या, त्याच्या उलट क्रमाने उघडल्या गेल्या. बाहेर पडणाऱ्या प्रोपेनच्या थंडीने बर्फ जमला आणि चाव्या बंद होईनात. वायू हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरत रस्त्यापर्यंत गेला आणि तेथील एका मोटारीपाशी पेटला. आग टाकीखाली आली. सुरक्षा झडप उघडली, तेव्हा टाकीला आता धोका नाही असा समज झाला आणि पाणी शेजारच्या टाक्यांवर मारले गेले. सुमारे दीड तासाने ती टाकी फुटली. १८ माणसे मरण पावली, त्यांत अग्निशमन दलाचे जवान अधिक होते. बोध असा, की सुरक्षा झडप दाबापासून रक्षण करते, आगीपासून नव्हे. टाकीत द्रव जिथवर आहे तिथवरचा पत्रा द्रवामुळे थंड राहतो. त्याच्या वरचा कोरडा पत्रा आगीत मऊ पडतो आणि नेहमीच्याच दाबाला फाटतो. म्हणून आगीत सापडलेली टाकी दुरून पाण्याने थंड ठेवणे आणि माणसे लांब हटविणे, हेच पहिले काम.

दुसरी दुर्घटना आपल्या घरची. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जे घडले, ते आपण सारे जाणतो. ई-६१० या क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले. रात्रपाळीच्या सुरुवातीस टाकीचा दाब दर चौरस इंचाला २ पौंडांवरून १० पौंडांवर गेला होता. हा आकडाही नेहमीच्या मर्यादेतला, म्हणून कोणाला शंका आली नाही. मध्यरात्रीनंतर काटा मापकाच्या टोकाला भिडला आणि सुरक्षा झडप उघडून वायू शहरावर गेला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी खोळंबला होता. वायू धुऊन काढणारा मनोरा एवढ्या मोठ्या लोटाला पुरा पडण्यासारखा नव्हता. हजारो माणसे मेली. टाकी फुटली नव्हती, हे ध्यानात घ्या. झडपेने आपले काम केले होते. झडपेच्या पलीकडे जे असावयास हवे होते, ते नव्हते. आणि आकडा मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहणे पुरेसे नसते. तो का वाढतो आहे, हे विचारावयास हवे, हा त्या रात्रीचा धडा आहे.

आपल्या पाणीयोजनेतील क्लोरिन

आता पंचायत सदस्यांच्या थेट जबाबदारीच्या विषयाकडे वळतो. लहान गावांत पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. तिथे दाबाचा प्रश्न नाही. परंतु प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आणि नगरपालिका यांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरिन वायू वापरतात. त्याच्या मोठ्या टनरमध्ये ९०० किलो क्लोरिन द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव बाहेर आला की सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो. तो हवेच्या अडीच पट जड, म्हणून खड्ड्यात, नाल्यात, तळघरात साचतो. टनरला गरम झाल्यावर वितळणाऱ्या खुंट्या असतात. साधारण सत्तर अंशांच्या पुढे त्या वितळतात आणि वायू मोकळा होतो. म्हणून टनर उन्हात ठेवू नये, त्याजवळ कचरा जाळू नये.

गळती झाली तर काय करावे, यासंबंधी एक फरक सर्वांनी पाठ करावा. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून हवेत पसरलेल्या अमोनियावर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. क्लोरिनच्या बाबतीत गळणाऱ्या छिद्रावर पाणी मारले, तर तयार होणाऱ्या आम्लाने छिद्र मोठे होते. एका वायूचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. दोन्ही वेळी जनतेने करावयाची गोष्ट मात्र एकच: वारा कोणीकडून येतो ते पाहावे, वाऱ्याला आडवे होऊन ढगातून बाहेर पडावे आणि वारा जिकडून येतो त्या बाजूच्या उंच जागेवर जावे. क्लोरिनपासून पळताना सखल जागेचा आसरा घेऊ नये.

रिकाम्या व बेवारस टाक्यांविषयीही सावध राहावयास हवे. १४ जुलै २०१० रोजी मुंबई बंदराच्या शिवडी भागात हाजी बंदर येथे क्लोरिनच्या जुन्या सिलिंडरातून गळती झाली आणि अनेकांना रुग्णालयात हलवावे लागले. ते सिलिंडर १९९७ पासून बेवारस पडून होते. तेरा वर्षे ती वस्तू कोणाचीच नव्हती. ज्या वस्तूला धनी नाही तिचा धोका साऱ्या वस्तीचा असतो. आपल्या पंचायतीच्या आवारात, बंद पडलेल्या योजनेच्या खोलीत, भंगारवाल्याच्या वाड्यात असा एखादा सिलिंडर असेल, तर तो कापावयास किंवा हलवावयास न देता संबंधित विभागास लेखी कळवावे.

रिकामी टाकी आणखी एका रीतीने माणूस घेते. दाब उतरला, वायू गेला, झाकण उघडले, म्हणून साफसफाईसाठी माणूस आत उतरतो. आत प्राणवायू पुरेसा नसतो किंवा तळाशी विषारी वायू उरलेला असतो. तो कोसळतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत वाचवावयास गेलेलेच पुष्कळदा अधिक मरतात. आतील हवा मोजल्याशिवाय, लेखी परवानगीशिवाय, कमरेला दोर आणि बाहेर जागता माणूस असल्याशिवाय कोणीही टाकीत उतरू नये. शेजारचा माणूस आत पडलेला दिसत असतानाही उतरू नये. हे सांगताना मन कचरते, पण तो क्षण येण्यापूर्वीच हे सांगून ठेवणे आवश्यक आहे.

कोणी काय करावे

शिक्षकांना माझी विनंती अशी. आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरातील गॅसची टाकी मुलांच्या वर्गापासून दूर, हवेशीर जागी, उभी आणि शेगडीच्या पातळीच्या खाली असावी. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतील बाजूस इंग्रजीतील ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन अंक लिहिलेले असतात. वर्षाच्या चार तिमाह्यांची ती खूण होय. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नये, ती परत करावी. वास येताच दिव्याची कळ दाबू नये, बंदही करू नये. टाकीची चावी बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. चौथी-पाचवीची मुले हे वाचन शिकली, तर ती घरी जाऊन आईच्या स्वयंपाकघरातील टाकी तपासतील. एवढा प्रसार आमचे माहिती खातेसुद्धा करू शकत नाही.

पंचायत सदस्यांनी एक साधी वही करावी. गावात दाबाखालील टाक्या कोठे कोठे आहेत, मालक कोण, शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढे तीन रकाने पुरेत. त्यात पंक्चरवाल्यास पकडण्याचा हेतू नसावा. त्याची झडप दुरुस्त करून देण्याचा असावा. दंडाच्या भीतीने माणूस टाकी लपवतो, आणि लपविलेली टाकीच अधिक धोक्याची.

अधिकारी मित्रांनी हे ध्यानात घ्यावे, की भोपाळनंतर धोकादायक रसायनांच्या कारखान्यांसाठी १९८९ चे नियम झाले आणि १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक संकट गट स्थापन करण्याची तरतूद केली. स्थानिक गटात उपविभागीय दंडाधिकारी, कारखाने निरीक्षक, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर सरपंचासारख्या लोकप्रतिनिधीलाही जागा आहे. ही जागा केवळ उपस्थितीच्या सहीसाठी नाही. कारखान्याची आपत्कालीन योजना मराठीत आहे काय, भोंगा वाजला तर गावाने कोणीकडे जावे हे गावाला ठाऊक आहे काय, आरोग्य केंद्रास त्या वायूवरील उपचार माहीत आहेत काय, हे तीन प्रश्न सरपंचाने बैठकीत विचारलेच पाहिजेत.

अखेरीस, टाकीपाशी प्रत्यक्ष उभा असतो तो सर्वांत कमी पगाराचा माणूस. काटा चढलेला पहिल्यांदा तोच पाहतो. झडपेचा बदललेला आवाज पहिल्यांदा त्याच्याच कानी पडतो. 'साहेब, काम थांबवू का?' असे विचारण्याचे धैर्य त्याला होते की नाही, यावर पुष्कळांचे प्राण अवलंबून असतात. हंगाम ऐन भरात असता बॉयलर थांबविला, टँकर भरावयाचा असता पाणी रोखले, म्हणून त्याला बोल लावणारा मुकादम, अधिकारी किंवा पंचायत सदस्य झडप तारेने बांधणाऱ्यापेक्षा निराळे काही करीत नसतो. थांबविल्यानंतर धोका नव्हता असे निघाले, तरी त्याची पाठ थोपटली पाहिजे. पुढच्या वेळी धोका असेल तेव्हा तो थांबवील, तो याच थापेच्या बळावर.

उद्या आपापल्या गावी गेल्यावर अशा एका तरी माणसाला जाऊन भेटा, त्याची टाकी पाहा आणि त्याला काय वाटते ते विचारा. त्याने सांगितलेले वहीत लिहून घ्या आणि ज्याने दुरुस्त करावयाचे त्याच्यापर्यंत पोहोचवा. या सप्ताहाचे सार्थक त्यात आहे.